एक अँप, चार खोल्या, चार कान: भिंतीवरचे व्हॉल्यूम कंट्रोल बसवताना

परळमधली एक जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. तळमजल्यावर लॉबी, बाजूला जिम, ज्येष्ठांसाठी एक खोली आणि मागे सोसायटीचा हॉल. चारही ठिकाणी स्पीकर बसवलेले, अँप्लिफायर मात्र एकच. तो ऑफिसच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली वॉचमनकडे. जिममधल्या मुलांना आवाज हवा असायचा, तर ज्येष्ठांच्या खोलीतले एक काका रोज तक्रार करायचे, "अहो, पेपर वाचायला बसलो की डोक्यात ढोल वाजतात." मग कुणीतरी किल्ली शोधायचं, मुख्य नॉब खाली करायचं, आणि लॉबीतली आरती ऐकूच येईनाशी व्हायची.

पूर्वी घरात एक रेडिओ असायचा आणि ज्याच्या हाताला लागेल तो त्याचा कान पिरगळायचा. इथे प्रत्येक खोलीला स्वतःचा कान हवा होता. सेक्रेटरींनी मला विचारलं, "एक रेग्युलेटर लावून टाका ना, पंख्याचा असतो तसा." पंख्याचा तर नाहीच चालत. पण आवाजाचे म्हणून विकले जाणारे सगळे कंट्रोलही सगळीकडे चालत नाहीत. कुठे कुठला लावायचा, हे नवख्या माणसाला कळावं म्हणून हा लेख.

आधी अँपची पाठ वाचा

भिंतीला हात लावण्याआधी अँप कपाटातून बाहेर काढा आणि मागच्या टर्मिनलवर काय छापलंय ते बघा. सभेच्या, देवळाच्या, शाळेच्या अँपवर सहसा एक रांग असते: कॉमन, ४ ओहम, ८ ओहम, १६ ओहम, ७० व्होल्ट, १०० व्होल्ट. घरातल्या स्टिरिओ अँपवर फक्त डावं-उजवं आणि प्लस-मायनस असतं. पुढचं सगळं काम या एका फरकावर ठरतं.

१०० व्होल्टच्या पद्धतीत प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. अँप जास्त व्होल्टेज आणि कमी करंट पाठवतो, ट्रान्सफॉर्मर ते स्पीकरला पेलेल इतकं उतरवतो. महावितरणाच्या उंच तारा आणि गल्लीतला ट्रान्सफॉर्मर यांचं जे नातं, तेच इथे लहान रूपात. फायदा वायरमध्ये दिसतो. एक स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १८ ओहम असतो. स्पीकर ४० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळपास दीड ओहम. ८ ओहमच्या स्पीकरला एवढ्या वायरीने थेट जोडलं, तर त्याला मिळायच्या ताकदीतला पाव हिस्सा घटतो. तेच १०० व्होल्टच्या लाइनवर १० वॅटचा स्पीकर अँपला १००० ओहमचा दिसतो, त्यापुढे दीड ओहम म्हणजे किस झाड की पत्ती.

म्हणून लांबवर पसरलेल्या, अनेक खोल्यांच्या जागेला १०० व्होल्ट, आणि दोन-तीन खोल्यांच्या घराला ८ ओहम. दोन्हींचे कंट्रोल वेगळे. एकाच्या जागी दुसरा लावला तर काहीतरी जळू शकतं, आणि बहुतेक वेळा महागातली वस्तू जळते.

मी जाळलेली वस्तू

माझी पहिली चूक सांगतो, कारण ती चूक नवखी माणसं अजून करतात. दादरला एका डान्स क्लाससाठी मी लॅमिंग्टन रोडवरून १० किलोओहमचा साधा कार्बन पॉट (नॉब फिरवून रोध कमी-जास्त करायची वस्तू) घेतला आणि अँप आणि स्पीकर यांच्या मध्ये घातला. रेडिओत पॉटच तर असतो, असा माझा बिनतोड युक्तिवाद. पहिल्या गाण्यात आवाज जवळजवळ नाहीच. नॉब पूर्ण फिरवत नेला, तेव्हा शेवटच्या टोकाला एकदम मोठा आवाज, मग खरखर, मग वास. क्लासच्या ताई म्हणाल्या, "अहो, काहीतरी करपतंय." करपत होता तो पॉटमधला कार्बनचा पट्टा.

रेडिओतला पॉट अँपच्या आधी असतो, जिथे सिग्नल अगदी बारीक असतो. असा पॉट फार तर पाव-अर्धा वॅट सोसतो. अँपनंतरच्या वायरीतून दहा-वीस वॅट वाहतात. तिथे त्या ताकदीचा आणि त्याच कामाचा कंट्रोल लागतो. त्याचे प्रकार बघू.

कंट्रोल कुठला घ्यायचा

१०० व्होल्टच्या लाइनसाठी जो मिळतो त्याला दुकानात अटेन्युएटर म्हणतात, काही जण नुसतं 'व्हीसी' म्हणतात. चांगल्या अटेन्युएटरच्या पोटात एकच गुंडाळी असलेला ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्या गुंडाळीवर जागोजागी टॅप, म्हणजे जोडणीची टोकं, काढलेले असतात. नॉब फिरवला की खटखट करत एका टॅपवरून दुसऱ्यावर जातो. एकेक खटका सहसा ३ डेसिबलचा असतो, शेवटचा खटका पूर्ण बंद. ३ डेसिबलने ताकद निम्मी होते, पण कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावं लागतं, म्हणून एका खटक्याने फरक जेमतेम जाणवतो. हेच बरोबर आहे. नॉब हलवल्याबरोबर खोली हादरली तर त्या कंट्रोलचा उपयोग काय?

घरच्या ८ ओहमच्या स्टिरिओसाठी इम्पिडन्स मॅचिंगचा, म्हणजे अँपला दिसणारा रोध जुळवून घेणारा, कंट्रोल मागा. त्याच्या मागे जागा बदलता येणारे छोटे जंपर (जोड-पिना) असतात, १एक्स, २एक्स, ४एक्स, ८एक्स असे. चार खोल्यांत ८ ओहमच्या जोड्या एकमेकींना समांतर जोडल्या तर अँपला प्रत्येक बाजूला फक्त २ ओहम दिसतात आणि तो प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा कायमचा जातो. चारही कंट्रोलचे जंपर ४एक्सवर ठेवले की प्रत्येक खोली ३२ ओहमची दिसते, चार मिळून परत ८ ओहम. याची किंमत म्हणजे प्रत्येक खोलीला अँपच्या ताकदीतला चौथा भागच मिळतो. तीन खोल्या असतील तरी ४एक्सच ठेवा, गणित नेहमी वरच्या आकड्याला न्या. आणि सगळ्या खोल्यांचे जंपर एकाच आकड्यावर, नाहीतर एक खोली गर्जते आणि दुसरी कुजबुजते.

एल-पॅड नावाचा तिसरा प्रकार आहे. तो नको असलेली ताकद रोधात जाळून टाकतो, म्हणून तापतो. एका स्पीकरला, उघड्यावर, ठीक आहे. बंद डब्यात, लाकडी पॅनेलमागे मी लावत नाही.

चौथा मार्ग म्हणजे अँपच्या आधीच, लाइन लेव्हलला, आवाज कमी-जास्त करणं. इथे साधा पॉट चालतो, पण लॉग टेपरचा, म्हणजे ज्याचा रोध नॉबबरोबर सरळ रेषेत बदलत नाही असा घ्या, कारण कानही सरळ रेषेत ऐकत नाही. आणि १० किलोओहमचाच घ्या. शील्डेड केबलची कपॅसिटन्स (तिच्यात विद्युतभार साठण्याची क्षमता, जी वरचे सूर खाते) मीटरमागे १०० पिकोफॅरड धरली तर ३० मीटरला ३००० होतात. १० किलोओहमचा पॉट असताना वरचे सूर साधारण २१ किलोहर्ट्झपर्यंत शाबूत राहतात, ५० किलोओहमचा घातला तर ४ किलोहर्ट्झच्या वरच आवाज मरायला लागतो आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. पण हा मार्ग एका अँपला एकच खोली असेल तेव्हाचा. परळच्या टॉवरमध्ये एका अँपवर चार जागा होत्या, म्हणून तिथे अटेन्युएटरच.

कागद-पेन्सिल

परळचा हिशेब असा होता. लॉबीत ६ वॅटचे चार, म्हणजे २४. जिममध्ये १० वॅटचे दोन, २०. ज्येष्ठांच्या खोलीत ३ वॅटचे दोन, ६. हॉलमध्ये १० वॅटचे चार, ४०. एकूण ९० वॅट. अँप १२० वॅटचा. अँपच्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या वर भार नेऊ नये, असा कामातला नियम आहे. १२० चे ८० टक्के ९६, म्हणजे ९० बसतात, पण उद्या हॉलमध्ये आणखी दोन स्पीकर म्हटलं की अँप बदलावा लागेल. हे सेक्रेटरींना तेव्हाच लिहून दिलं.

लक्षात घ्या, बेरीज स्पीकरवर छापलेल्या मोठ्या आकड्याची नाही, स्पीकरच्या पाठीवरच्या ट्रान्सफॉर्मरच्या ज्या टॅपवर वायर जोडलीय त्या टॅपची करायची. १० वॅटचा स्पीकर ३ च्या टॅपवर जोडला तर तो लाइनला ३ वॅटचाच. खरं तर अनेक ठिकाणी कंट्रोल लागतच नाही, टॅप खाली घेतला की तक्रार मिटते. ज्येष्ठांच्या खोलीत मी तेच आधी केलं, ६ वरून ३ वर आणलं. काकांचं अर्धं समाधान तिथेच झालं.

मग प्रत्येक खोलीचा कंट्रोल त्या खोलीच्या बेरजेपेक्षा वरच्या वॅटचा घ्यायचा: लॉबीला ३०, जिमला ३०, ज्येष्ठांना १०, हॉलला ६०.

खरेदी

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. कंट्रोल, टर्मिनल, स्पीकर तिथे. वायर, पाइप, डबे लोहार चाळीत. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

वायर घेताना टोक सोलून चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. स्वस्त असते, वाकवली की तुटते, आणि आपल्या खाऱ्या हवेत तिचे सांधे लवकर सैल होतात. एक स्क्वेअर एमएमची तांब्याची टू-कोअर १०० व्होल्टच्या लाइनला पुरते, ८ ओहमच्या लांब लाइनला दीडची किंवा अडीचची घ्या. मी मात्र टू-कोअरऐवजी फोर-कोअर टाकतो. कारण पुढे येईल.

डबा घेण्याआधी कंट्रोलची खोली पट्टीने मोजा. साधा मॉड्युलर डबा साधारण ५० मिलिमीटर खोल असतो आणि ट्रान्सफॉर्मरवाला कंट्रोल त्यात मावेलच असं नाही. मागे वायरीलाही जागा लागते. दुकानदार "बसेल, बसेल" म्हणतो. त्याच्या समोर बसवून बघा.

भिंत

जुन्या चाळीत आणि जुन्या इमारतीत विटेची भिंत, कोरून पाइप पुरता येतो. नव्या टॉवरमध्ये बऱ्याचदा मिवान शटरिंगच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या, सबंध काँक्रीटच्या भिंती असतात. त्या भिंतीच इमारत पेलतात, आत लोखंड आहे, त्या कोरायच्या नाहीत. सोसायटी परवानगी देत नाही आणि ते योग्यच आहे. तिथे भिंतीवरून पीव्हीसीची पट्टी आणि वर बसणारा सरफेस डबा. दिसायला थोडं उणं, पण उद्या दुरुस्ती करताना तुम्हीच दुवा द्याल. फॉल्स सीलिंग असेल तर वायर वरून आणा आणि कंट्रोलपुरतीच पट्टी खाली उतरवा.

जागा निवडताना एकच कसोटी: नॉब फिरवणाऱ्या माणसाला तिथे उभं राहून तो स्पीकर ऐकू आला पाहिजे. दाराबाहेर पॅसेजमध्ये लावलेला कंट्रोल म्हणजे सतत आत-बाहेर फेऱ्या. उंची इतर स्विचबोर्डांइतकी. जिममध्ये मात्र तो ट्रेनरच्या टेबलाजवळ लावला, नाहीतर ज्याला त्याला आपापलं गाणं मोठं हवं.

२३० व्होल्टच्या वायरींच्या पाइपातून ही वायर न्यायची नाही, एकाच डब्यातही नाही. ओलांडावी लागली तर काटकोनात. समांतर धावल्या तर गाण्याच्या खाली 'हंऽऽ' ऐकू येतो, आणि इन्सुलेशन कधी गेलंच तर नुसत्या 'हं'वर भागत नाही.

जोडणी

१. अँप बंद करून प्लग काढा. १०० व्होल्टची लाइन अंगाला झटका देते. टेस्टर पेटला नाही म्हणून हात लावू नका, गाणं थांबलेलं असेल तेव्हा लाइन गप्प असते आणि पुढच्या ठोक्याला जागी होते.

२. अँपच्या कॉमन आणि १०० व्होल्ट या दोनच टर्मिनलवर वायर येईल. त्याच वेळी ८ ओहमच्या टर्मिनलवर दुसरा स्पीकर लावायचा मोह होतो. नको.

३. अँपपासून प्रत्येक कंट्रोलपर्यंत स्वतंत्र वायर ओढा. एका कंट्रोलमधून दुसऱ्या कंट्रोलला वायर नेली तर पहिल्या खोलीने आवाज कमी केला की दुसरीचाही जातो. परळला आधीच्या माणसाने नेमकं हेच केलेलं होतं.

४. कंट्रोलवर तीन खुणा असतात: इन, आउट, कॉमन. अँपकडून आलेली १०० व्होल्टची तार इनवर. खोलीतल्या स्पीकरकडे जाणारी तार आउटवर. कॉमनवर दोन्हींची दुसरी तार, एकाच स्क्रूखाली. इन आणि आउट उलटे झाले तर नॉब खाली आणताना अँपवर भार वाढत जातो आणि जवळपास शॉर्ट होतो, म्हणून प्रत्येक तारेला चिठ्ठी लावा. टेप आणि मार्कर पुरतो.

५. कंट्रोलनंतरचे सगळे स्पीकर एकमेकांना समांतर: सगळ्यांच्या प्लस एकत्र, मायनस एकत्र. एकाचे उलटे झाले तर तो स्पीकर वाजतो, पण दोन स्पीकरच्या मध्ये उभं राहिलं की आवाज पोकळ लागतो.

घरच्या स्टिरिओत एक सावधगिरी जास्तीची. डाव्या आणि उजव्या बाजूच्या मायनस तारा कंट्रोलमध्ये एकत्र करून वायर वाचवायची नाही. हल्लीच्या बऱ्याच क्लास-डी अँपमध्ये मायनस जमिनीला जोडलेला नसतो, त्यावरही सिग्नल असतो. दोन मायनस एकमेकांना चिकटले की अँपचं आउटपुट जातं.

टोकांना थिंबल (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) दाबा. मोकळ्या केसाएवढ्या तारांपैकी एक जरी शेजारच्या स्क्रूला लागली तर दिवसभर शोधत बसाल.

फोर-कोअर कशाला

वॉचमन माइकवरून सांगतो, "एमएच-०१ची पांढरी गाडी गेटसमोरून हलवा." जिमने नॉब बंद ठेवला असेल तर गाडीवाल्याला ते ऐकूच जात नाही. यासाठी काही अटेन्युएटरमध्ये २४ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच, असतो. माइक चालू झाला की अँप किंवा पेजिंगचा डबा २४ व्होल्ट पाठवतो, रिले नॉबला वळसा घालतो आणि घोषणा पूर्ण आवाजात जाते. त्या रिलेला लागतात उरलेल्या दोन तारा. आज रिलेवाला कंट्रोल नको असला तरी तारा टाकून ठेवा. परळला सहा महिन्यांनी तो लागलाच, आणि पट्टी उघडावी लागली नाही.

एक मात्र बजावून सांगतो. उंच इमारतीत आग लागल्यावरच्या सूचनांसाठी वेगळी पीए (घोषणांची) यंत्रणा असते. त्या स्पीकरांच्या लाइनवर गाणी सोडायची नाहीत आणि तिच्यात कंट्रोल घालायचा नाही. सेक्रेटरी कितीही म्हणोत, "वायर आहेच ना तिथे, घ्या की त्यातूनच."

अँप चालू करण्याआधी

स्पीकर जोडण्यापूर्वीच प्रत्येक लाइन मल्टिमीटरने तपासा. दोन टोकं सुटी ठेवून मीटरने अनंत दाखवायला हवं. मग पलीकडे दोन्ही टोकं एकमेकांना पिळून बीप यायला हवा. नंतर प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यात पुन्हा अनंत. स्पीकर जोडल्यावर मीटर काही दहा-वीस ओहम दाखवेल आणि नवखा घाबरतो, कारण हिशेबात तर शेकडो ओहम आले होते. मीटर डीसी मोजतो, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी डीसीला नुसती तार असते. खरा भार मोजायला इम्पिडन्स मीटर लागतो. परळच्या ९० वॅटला तो साधारण १११ ओहम दाखवायला हवा, आणि १२० वॅटच्या अँपला ८३ च्या खाली गेलेलं चालत नाही.

आता अँपचा मुख्य नॉब शून्यावर, चारही कंट्रोल पूर्ण उघडे. गाणं लावा, मुख्य नॉब हळूहळू वर. सर्वांत मोठा आवाज जिथे हवा, म्हणजे हॉलमध्ये, तिथे तो स्वच्छ आणि पुरेसा झाला की थांबा आणि नेलपॉलिशने अँपवर खूण करा. त्यापुढे कुणी जायचं नाही. मग बाकीच्या खोल्यांत जाऊन नॉब खाली आणा. अँपला लो कट (खालचे सूर गाळणारं बटण) असेल तर चालू ठेवा. ६०-८० हर्ट्झच्या खालचा ढोलाचा धक्का या छोट्या ट्रान्सफॉर्मरांना पेलत नाही, ते गुरगुरतात आणि तापतात.

लॅपटॉप जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर दोष तुमच्या वायरिंगचा नाही, चार्जर काढून बघा. गेली तर लॅपटॉप आणि अँप यांच्यामधल्या आवाजाच्या वायरीत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थ पिन कापून गुणगुण घालवणारे महाभाग मुंबईत पुष्कळ आहेत, त्यांच्यात भर घालू नका.

पोडियमवर किंवा गच्चीत स्पीकर असेल तर त्याचा कंट्रोल किल्लीच्या डब्यात ठेवा. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. वाढदिवसाला साडेदहाला नॉब वर नेणारा पाहुणा असतोच, आणि नोटीस मात्र सोसायटीच्या नावाने येते.

डबे बंद करण्याआधी प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढा आणि कुठली वायर कुठे गेली त्याचा एक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अँपच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. बाहेरच्या डब्यात वायर खालून शिरू द्या, शिरण्याआधी एक झोल ठेवा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. आणि गणपती येण्याच्या आत एकदा पोडियमचा डबा उघडून स्क्रू आवळा, तांब्यावर हिरवट थर चढला असेल तर टोक कापून नवीन थिंबल दाबा.